कोकणातला पेशंट, रेफरचा कागद आणि वाटेत हरवणारी माहिती

खाडीपलीकडे
कोकणातला गंभीर पेशंट सहसा एकाच हॉस्पिटलात बरा होऊन घरी येत नाही. आधी आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथून रत्नागिरी नाहीतर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथेही जमलं नाही तर राजापूर-लांज्याचे लोक आंबा घाट चढून कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठतात, सावंतवाडी-कुडाळचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, खेड-दापोलीचे डेरवणच्या हॉस्पिटलात किंवा सरळ मुंबईला. आपण बोलतो ते डॉक्टर चांगला की वाईट, मशीन आहे की नाही, यावर. मला गेली काही वर्षं वाटतंय की पेशंटला सगळ्यात जास्त धोका असतो तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना.

मागच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या काकांना छातीत कळ आली. तालुक्याच्या हॉस्पिटलात लगेच ईसीजी काढला, हार्ट अटॅक ओळखला, गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं आणि पुढे पाठवलं. सगळं वेळेत आणि बरोबर. पण सोबत दिलेल्या कागदावर एवढंच होतं : छातीत दुखणे, ईसीजीत बदल, पुढील उपचारांसाठी रेफर. कोल्हापुरात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलंय का, आणि दिलं असेल तर किती वाजता? रक्त पातळ व्हायच्या गोळ्या कुठल्या, किती? चुलतभावाच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, चार घरं फोडलेली. त्यावरून क्लोपिडोग्रेल ७५ च्या चार गोळ्या दिल्याचं कळलं. इंजेक्शनाचं मात्र खाली फोन लावून, ड्युटी संपवून घरी गेलेल्या सिस्टरांना शोधून विचारावं लागलं. ते इंजेक्शन न कळता पुन्हा दिलं गेलं असतं तर रक्तस्राव होऊन जीवावर बेतलं असतं. आणि ही फोनाफोनी चालू असताना हृदयाला रक्त पोचत नव्हतं ते नव्हतंच.

काका आता बरे आहेत. त्या तालुक्याच्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे, त्यांनीच त्यांना वाचवलं. म्हणून तर हे जास्त लागतं. माणसं चांगली, उपचार बरोबर, आणि तरी पेशंट जवळजवळ गेलाच होता, कशामुळे, तर कागदावर दोन ओळी लिहायच्या राहिल्या.

इथे हॉस्पिटलात काम करणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडे अशा जागा कुठल्या आणि त्या बुजवायला काय केलंत, हे मनापासून ऐकायचंय. नातेवाईक म्हणून आमच्या हातात काय आहे तेही सांगा. डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी हा धागा नाही.

वॉर्डसिस्टर
दादा, अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी सिंधुदुर्गात सरकारी नोकरीत आहे, जागा सांगत नाही.

तुम्ही हॉस्पिटल ते हॉस्पिटल म्हणालात. आमच्याकडे तेच दिवसातून तीनदा होतं, ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना. रात्रपाळीची सिस्टर सकाळी टेबलाशी उभी राहून रजिस्टर वाचते : बेड चार, ताप, सलाईन चालू, बेड पाच, डिलिव्हरी, ठीक. ऐकणारीचं लक्ष मागे ओरडणाऱ्या बाळाकडे. आमच्या आधीच्या इन्चार्ज सिस्टरनी नियम केला होता की ओव्हर बेडपाशी जाऊनच द्यायची. सलाईनची बाटली हातात धरून बघायची, कॅथेटरची पिशवी बघायची, पेशंटला नाव विचारायचं. मावशींनासुद्धा माहीत असायचं की सात ते साडेसात सिस्टरना हाक मारायची नाही. त्या काळात 'मला वाटलं तू दिलंस' हे वाक्य वॉर्डात जवळपास ऐकूच येईना.

दुसरं, इन्सुलिन. हे नातेवाईकांनीही लक्षात ठेवा, कारण घरीही हीच चूक होते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या वायलमध्ये, म्हणजे इन्सुलिनच्या छोट्या बाटलीत, एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्याची सिरिंज लाल टोपीची. काही नव्या इन्सुलिनच्या वायलमध्ये १०० युनिट असतात, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० वालं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात जातात २५ युनिट. पेशंट झोपेत घामाघूम होतो, आणि जवळचे म्हणतात शांत झोपलाय. उलट केलं तर दहाच्या जागी चारच जातात आणि साखर खाली का येत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतात. मेडिकलवाल्याकडून सिरिंज घेताना वायल दाखवूनच घ्या.

तिसरं जरा कठीण आहे, पण लिहिते. आमच्याकडे केसीएलची (पोटॅशियम क्लोराईडची) ॲम्प्यूल आणि पाण्याची ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये असायची. दिसायला जवळपास सारखी. पातळ न करता केसीएल शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. एकदा एका मुलीने भरायला घेतली आणि शेवटच्या क्षणी लेबल वाचलं. तिने येऊन सांगितलं. इन्चार्जनी तिला मेमो दिला नाही, सगळ्यांसमोर तिचे आभार मानले, आणि त्याच दिवशी केसीएल वेगळ्या कपाटात कुलपात गेलं, वर लाल पट्टी लावून. मग त्यांची बदली झाली. नव्या इन्चार्जना कपाट अडगळ वाटलं. पुन्हा सगळं एका ट्रेमध्ये. कुलूप का लावलं होतं ते कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं ना.

झिलगो
सिस्टर, तुमी सांगितलास ता वाचून अंगार काटो इलो. माका एकच विचारूचा आसा. आमी गावची माणसा. डॉक्टराक काय विचारूक गेलो की ते म्हणतत, 'तू डॉक्टर की मी?' मगे पुढे बांबोळीक गेल्यार थयले विचारतत, काय काय दिला? आमका काय म्हायत? विचारूचा तरी कसा?

वॉर्डसिस्टर
@झिलगो, डॉक्टर राऊंडवर घाईत असताना नको. ॲम्ब्युलन्स यायची असते तेव्हा सिस्टरकडे जा आणि म्हणा, 'सिस्टर, वाटेत कोणी विचारलं तर सांगायला लागेल, काय काय दिलंत ते वेळेसकट लिहून द्या.' मोबाईलवर केसपेपरचा आणि औषधांच्या चार्टचा फोटो काढायची परवानगी मागा. असं विचारलं तर शंभरातल्या नव्वद जणी देतील. १०८ मध्ये डॉक्टर असतो, त्यालाही तोच कागद दाखवा, पिशवीत तळाशी ठेवू नका.

चाकरमानी_ठाणे
सगळं वाचलं. चांगलं आहे, पण मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. कागद, कुलूप, लाल पट्टी. अहो, डॉक्टरच नसतो हो! माझ्या गावच्या केंद्रात रात्री एक सिस्टर आणि एक मामा. सर्पदंश आला तरी तीच, डिलिव्हरी आली तरी तीच. तिने रेफरचा कागद नीट लिहावा अशी अपेक्षा करायची? आधी पदं भरा, मग गुणवत्तेच्या गप्पा मारू.

खाडीपलीकडे
@चाकरमानी, पदं भरलीच पाहिजेत, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, आणि तुमचा राग रास्त आहे. पण जिथे माणूस एकटा असतो तिथे त्याची आठवण हाच एकमेव आधार असतो. रात्री तीन वाजता, दुसरी बाई कळा देत असताना, त्या सिस्टरला परिच्छेद लिहायला सांगायचाच नाही. छापलेला कागद हवा, टिकमार्क करता येईल असा. माणसं कमी असलेल्या ठिकाणी याची गरज जास्त.

भूलतज्ज्ञ
मी गेली बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात भूल देतो. कोकणातल्या बहुतेक भूलतज्ज्ञांसारखा मीही फिरता. सकाळी एका तालुक्यात सिझर, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री अकराला फोन आला की तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणचा मॉनिटर वेगळा, ऑक्सिजनची जोडणी वेगळी, स्टाफ वेगळा. म्हणून मी ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थांबवतो आणि मोठ्याने विचारतो : पेशंटचं नाव काय, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, कशाची ॲलर्जी, रक्त लागलं तर कुठून येणार? सुरुवातीला सर्जन हसायचे. आता एक सर्जन स्वतःच सुरुवात करतात.

हे माझं डोकं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची शस्त्रक्रियेची यादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या एकेका रुग्णालयात ती वापरून बघितली, साडेसात हजारांवर पेशंटांत. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही.

पण @चाकरमानी यांच्या बाजूनेही एक सांगतो, कारण अर्धं सांगणं बरोबर नाही. त्याच धर्तीवर बाळंतपणासाठी २९ मुद्द्यांची यादी निघाली आणि उत्तर प्रदेशात दीड लाखाहून जास्त बाळंतपणांत तिचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये निकाल आला. दाया-सिस्टरांचं काम सुधारलं, हात धुणं वाढलं, बीपी घेणं वाढलं, पण माता-बालमृत्यूत फरक दिसला नाही. शिकवणारे लोक निघून गेल्यावर पालनही ढिलं पडत गेलं. नुसती यादी भिंतीवर चिकटवून माणूस वाचत नाही. मागे रक्त हवं, गाडी हवी, सिझर करणारा हवा.

आणि कधी कधी एखादी अगदी साधी वस्तू मोठं काम करते. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं ते आपण चादरीकडे बघून अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो. आंबोलीचा घाट चढून गेलं की बेळगाव. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी बाईच्या खाली अंथरायची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी तयार केली. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास आला. अशी पिशवी वापरून रक्तस्राव वेळीच ओळखला आणि सगळे उपाय एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे मृत्यू वगैरे धरून साठ टक्क्यांनी घट. कोकणात जिथून रक्तपेढी दीड-दोन तासांवर आहे, तिथे अर्धा तास आधी कळणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

पावसाळी_पोर
डॉक्टर, नमस्कार तुम्हाला. फिरत्या भूलतज्ज्ञांवर कोणी लिहीत नाही.

केमिस्ट_राजापूर
दुकानातून दिसतं ते सांगतो. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण अक्षर लागत नाही, किंवा घरी सून सगळ्या गोळ्यांच्या डबीत रोजच्या खणात टाकते. रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणंच थांबतं, तोंडात फोड येतात, माणूस जातो. मी प्रत्येक पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात 'फक्त रविवारी' असं लिहून देतो. आजोबांना वार आवडत नसेल तर त्यांनीच सांगितलेला वार लिहितो, म्हणजे लक्षात राहतो.

डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हा नियम २०१६ पासून आहे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर दुकानदाराने अंदाज करू नये, फोन करावा. मी करतो. डॉक्टर चिडतात, नंतर चिडत नाहीत.

हॉस्पिटलात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी वैद्यांकडचं चूर्णसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. 'ती पांढरी बीपीची गोळी' असं सांगू नका, पांढऱ्या गोळ्या माझ्याकडे दोनशे प्रकारच्या आहेत. आणि औषधाने त्रास झाला तर तो कळवता येतो, सामान्य माणसालाही. १८००-१८०-३०२४ हा त्यासाठीचा मोफत नंबर आहे, गाझियाबादला जातो. आपल्या भागातून कोणी कळवत नाही म्हणून इथे त्रास होतच नाही असं वरच्यांना वाटतं.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणहून लिहितेय. धागा औषधांवर चाललाय, पण सुरक्षितता म्हणजे इमारतही. २२ जुलै २०२१ आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, आणि इथल्या एका कोविड रुग्णालयातले आठ रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बाळांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, एप्रिलमध्ये विरारला आयसीयूत आग.

म्हणून मी आता कुठल्याही हॉस्पिटलात गेले की जनरेटर कुठे आहे ते बघते. तळघरात किंवा रस्त्याच्या पातळीवर असेल तर चिपळूण, महाड, खेड, राजापूरसारख्या पुराच्या गावांत तो पहिल्या तासातच पाण्याखाली जाणार. ऑक्सिजनचे सिलिंडर कुठे ठेवलेत? मागचा दरवाजा उघडतो का, की त्याला कुलूप लावून पुढे खोकी रचलीत? यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. आमच्या भागातल्या बायकांच्या गटाने मागच्या उन्हाळ्यात दोन खासगी हॉस्पिटलांना भेट देऊन हे विचारलं. एकाने दार मोकळं केलं. दुसऱ्याने चहा पाजला आणि काही केलं नाही, पण आम्ही पुन्हा जाणार आहोत.

फुरसं_आणि_मी
गावातला एमओ, म्हणजे सरकारी केंद्रातला डॉक्टर आहे, दापोली-मंडणगड पट्ट्यातला. आमच्याकडची गुणवत्ता बघायची असेल तर सर्पदंश बघा. फुरसं आणि घोणस रक्त पातळ करतात. त्यासाठी वीस मिनिटांची चाचणी असते : शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची. गोठलं नाही तर प्रतिसर्पविष द्यायचं. एवढी सोपी चाचणी, पण नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की रक्त नीट गोठतच नाही आणि उत्तर चुकतं. माझ्या आधी इथे धुतलेल्याच नळ्या वापरत होते, कारण नव्या संपल्या होत्या आणि मागणी कोणी केली नव्हती. मी आता टेबलाच्या खणात नव्या नळ्यांचं एक खोकं वेगळं ठेवतो, वर 'फक्त साप' असं लिहून. औषध देताना ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवतो, कारण प्रतिसर्पविषाचीच रिॲक्शन येऊ शकते.

लहान केंद्रातून काही होत नाही असं वाटलं की मला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना त्यांनी लाल विंचू चावलेल्या पोरांजवळ बसून नाडी, बीपी, श्वास हे सगळं तासातासाला टिपून ठेवलं. त्या नोंदींतून कळलं की हृदय कशाने निकामी होतंय, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध कामी आलं. विंचूदंशात आधी शंभरातले चाळीसएक जात, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली ती केसपेपर नीट भरण्यापासून.

चाकरमानी_ठाणे
डॉक्टर, तुमच्यासारखे असतील तर माझा राग निम्मा कमी होतो. निम्माच.

पण हक्काचंही कोणी बोलाल का? माझ्या आईचे कागद एका खासगी हॉस्पिटलाने बिल भरूनही दोन आठवडे दिले नाहीत. नाव लिहीत नाही.

किनाऱ्यावरची_वकील
@चाकरमानी, लेखी मागा आणि पोच घ्या. पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात, हे डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांतच आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले, त्यात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि प्रमुख दर लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक झालं. सनद दिसली नाही तर तसं लेखी विचारा.

एक विनंती सगळ्यांनाच. दुर्घटना झाली की पहिल्या दिवशी कॉलर धरायची, हे थांबायला हवं. २०१० पासून राज्यात त्यासाठी कायदाही आहे, पण कायद्याची भीती म्हणून सांगत नाहीये. मारहाण झालेल्या हॉस्पिटलात त्यानंतर कोणी एक शब्द खरा लिहीत नाही. केसपेपर वकिलाला विचारून लिहिले जातात. वरच्या सिस्टरनी केसीएलचं सांगितलं, ती मुलगी बोलली म्हणून पुढचा पेशंट वाचला. ती गप्प बसली असती तर आपल्यापैकी कोणाला काही कळलं असतं?

भूलतज्ज्ञ
वकीलताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्यात चूक झाली की निलंबन, नाहीतर पांघरूण, या दोनच गोष्टी होतात. काय घडलं, कशामुळे घडलं, हे शांतपणे बसून बोलण्याची जागा नाही. एका हॉस्पिटलात आम्ही महिन्यातून एकदा, नावं न घेता, 'थोडक्यात वाचलेले' पेशंट यावर बोलतो. चहा असतो, वही असते. शिक्षा नसते. त्या वहीतून आत्तापर्यंत ऑक्सिजनच्या वॉल्व्हला रंग आला, रक्ताच्या पिशवीवर दोन सह्या आल्या, आणि रात्री फोनवर दिलेली ऑर्डर सिस्टरने लिहून पुन्हा वाचून दाखवायची पद्धत आली.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे मनापासून आभार. मी आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना भेटलो. छापील रेफर कागद चालेल असं तोंडी म्हणाले, नमुना आणून द्या म्हणाले. एकच पान, दोन प्रती, एक पेशंटसोबत, एक फाईलला. तयार होताय का हातभार लावायला?

वॉर्डसिस्टर
नक्की. माझ्याकडून हे घ्या. वर नाव, वय, वजन. वजन विसरू नका, पोरांचे डोस त्यावरच ठरतात. ॲलर्जीचा रकाना लाल चौकटीत. मग दिलेली औषधं : नाव, किती, कुठल्या मार्गाने, किती वाजता. पाच ओळी पुरतात. शेवटचं बीपी, नाडी, ऑक्सिजन, आणि ते कधी घेतलं. गरोदर बाई असेल तर किती महिने, पाणी गेलं का, किती रक्त गेलं, रक्तगट. सर्पदंश असेल तर चाचणी केव्हा केली आणि प्रतिसर्पविषाच्या किती वायल दिल्या.

सगळ्यात खाली पाठवणाऱ्या डॉक्टरचा आणि सिस्टरचा मोबाईल नंबर. हॉस्पिटलचा लँडलाईन नको, रात्री तो कोणी उचलत नाही.

फुरसं_आणि_मी
आणखी एक रकाना जोडा : 'पुढच्या हॉस्पिटलला फोन केला का, कोणाशी बोलणं झालं, किती वाजता.' बेड नाही म्हणून घाटातून परत फिरलेली ॲम्ब्युलन्स मी बघितली आहे. नमुना तयार झाला की मला पाठवा, मी माझ्या केंद्रात सोमवारपासून वापरायला घेतो. समितीची मंजुरी येईल तेव्हा येईल.